दुकान चालतंय, पण इन्स्टाग्रामचं नाव काढलं की धडधडतं. या वयात कुठून सुरुवात करू?

वेणीपट्टा, कोल्हापूर

नमस्कार मंडळी. माझं वय साठीच्या पुढचं. कोल्हापुरात आमचं हाताने केलेल्या चपलांचं दुकान आहे, सासऱ्यांनी काढलेलं. मालक होते तोवर गल्ल्यावर ते बसायचे आणि मी घरात वेण्या घालायची, पट्ट्यावर शिलाई करायची. ते गेल्यापासून दुकान मीच बघते. तळ कापायला, ठोकायला दोन कारागीर आहेत. वेणी मात्र अजून माझ्याच हातची, कारण दुसऱ्याची मला पसंत पडत नाही. हे सगळं बोलून लिहितेय, भाचीने माइकचं बटण दाखवलंय. शब्द इकडचा तिकडे पडला तर सांभाळून घ्या.

२०२५ च्या जूनमध्ये त्या प्राडा नावाच्या इटालियन फॅशन कंपनीवाल्यांनी मिलानला आपल्यासारखी चप्पल दाखवली आणि मोबाईलवर केवढा गदारोळ झाला ते तुम्ही बघितलं असेल. जोडाला लाखाच्या वर किंमत म्हणे. जुलैत त्यांची माणसं इथं येऊनही गेली. तेव्हापासून भाचीने माझ्या मागे लकडा लावलाय, "मावशी, सगळं जग कोल्हापुरी शोधतंय आणि तू कुठंच दिसत नाहीस." खरं आहे. आमच्याच ओळीतला एक पोरगा स्वतः एकही जोड करत नाही, आमच्यासारख्यांकडनं घेतो आणि इन्स्टावर टाकून मुंबई-बंगळूरला दुप्पट भावाने पाठवतो. त्याच्यावर माझा राग नाही. रात्री अकराला पार्सलं बांधत बसलेला असतो, कष्टाचं खातो. पण माझ्या हातची वेणी त्याच्या नावाने फिरते हे बघून पोटात कालवतं.

मग मी का करत नाही? भीती वाटते, सरळ सांगते.

ओळखीच्या एका दुकानदाराला फोन आला, "मी मिलिटरीत आहे, जवानांसाठी पंचवीस जोड पाहिजेत, पैसे आत्ता टाकतो, हा कोड स्कॅन करा." यांनी केला. पैसे आले नाहीत, खात्यातले गेले. पावसाळ्याच्या तोंडाला, जेव्हा आधीच गिऱ्हाईक नसतं.

दुसरं म्हणजे लोकांची तोंडं. भाचीच्या फोनवर एका बाईचा लोणच्याचा व्हिडिओ बघत होते, साधी बाई, छान सांगत होती. खाली काय काय लिहिलेलं! तिच्या दातांवरनं, साडीवरनं. आमच्या धंद्यात तर आणखी भर. चामडं कशाचं म्हणून भांडायला येतील. जातीवरनं घाण बोलणारेही येतील, दुकानात येऊन बोलायची त्यांची हिंमत नसते पण तिथं असते.

आणि तिसरं मला नीट सांगताही येत नाही. दुकानात माणूस उंबऱ्यात आला की मी आधी पाय बघते. रुंद पाय, उंच घोटा, अंगठा बाहेर वळलेला, त्यावर कुठला जोड द्यायचा ते ठरतं. मग तोंडाकडे बघते, घेणारा आहे की नुसता विचारणारा तेही कळतं. मोबाईलवर माणूस दिसतच नाही. कोण कुठला, रात्री-अपरात्री "प्राइस?" एवढंच लिहून गायब. अशा माणसाला काय उत्तर द्यायचं?

भाची म्हणते नऊवारी नेसून, चप्पल घालून चालत ये, रील करू. मी म्हटलं आधी माझे गुडघे बघ.

तर तोंड न दाखवता, इंग्रजी न येता, फसवणूक न होता हे जमण्यासारखं आहे का? ज्यांनी उतारवयात केलंय त्यांनी सांगा. पोरांनी सांगितलेलं डोक्यावरनं जातं.

---

तांब्याचा बंब, नाशिक

वहिनी, नमस्कार. माझं वय ६७, तांब्या-पितळेच्या भांड्यांचं दुकान. उतारवयातला माणूस पाहिजे होता ना, हा घ्या.

इन्स्टाग्राम तूर्त बाजूला ठेवा. दुकानात जुना लँडलाइन आहे का? असला तर त्याच नंबरावर व्हॉट्सॲप बिझनेस चालू होतं. ते वेगळं ॲप आहे, फुकट आहे. नंबर टाकल्यावर मेसेजऐवजी "कॉल करा" निवडायचं, लँडलाइन वाजतो, त्यातली बाई सहा आकडे सांगते, ते मोबाईलमध्ये घालायचे. झालं. तुमचा घरचा नंबर जगाला द्यावा लागत नाही आणि भावकीचे गुड मॉर्निंग एकीकडे, गिऱ्हाईक एकीकडे. मला याचाच सगळ्यात जास्त आराम पडला.

त्यात कॅटलॉग म्हणून सोय आहे. फोटो, नाव, किंमत, दोन ओळी माहिती. तुमच्याकडे कापशी, कुरुंदवाडी, जे काय प्रकार असतील ते एकेक टाका. किंमत लिहा. "रेट इनबॉक्समध्ये" ही जी फॅशन आहे तिने चांगलं गिऱ्हाईक पळतं आणि रिकामटेकडं तेवढं उरतं. किंमत लिहिली की तुमचा तो "प्राइस?"वाला आपोआप निम्मा होतो. उरलेल्यांसाठी ठरीव उत्तरं साठवून ठेवता येतात, तिरकी रेघ दाबली की यादी येते, त्यातलं निवडायचं. मी एक असं ठेवलंय: "नमस्कार. किंमत फोटोखाली आहे. घासाघीस दुकानात येऊन करावी, चहा मिळेल." लोक हसतात आणि बऱ्याचदा घेतात.

रात्रीचं म्हणाल तर दुकानाच्या वेळेबाहेर आपोआप जाणारा मेसेज लावता येतो. दुकान सकाळी दहाला उघडतं, तेव्हा बोलू. झोपा निवांत.

तोंडांविषयी. माझ्या एका घंगाळ्याच्या फोटोखाली कुणी लिहिलं, "एवढ्यात तर मिक्सर येतो." मी लिहिलं, "मग मिक्सर घ्या, आंघोळीला उपयोगी पडेल." त्याला मोजता येणार नाहीत इतके बदाम आले. पण हे प्रत्येकाला जमेल असं नाही, आणि जमवायची सक्तीही नाही.

---

निवृत्त रोखपाल

फसवणुकीबद्दल तेवढं लिहितो. बँकेत ३४ वर्षं काढली.

ताई, एकच गोष्ट भिंतीवर लिहून ठेवा: पैसे घ्यायला पिन लागत नाही आणि काही स्कॅनही करावं लागत नाही. समोरच्याच्या सांगण्यावरून पिन मारला की पैसे जातातच. समोरचा मिलिटरीतला असो, कलेक्टर असो. मोठी ऑर्डर, भाव न करणारा, घाई करणारा आणि व्हिडिओवर न येणारा, हे चार गुण एका माणसात दिसले की फोन ठेवा.

पैसे आल्याचा स्क्रीनशॉट हा पुरावा नव्हे. तसले खोटे स्क्रीनशॉट बनवून मिळतात. काउंटरवर तो बोलणारा डबा असेलच. डबा बोलला किंवा खात्यात नोंद दिसली, तरच जोड बांधायला घ्या. "चुकून जास्त टाकले, परत करा" म्हणणाऱ्याला सांगा, बँकेत जाऊन लेखी द्या.

व्हॉट्सॲपच्या सेटिंगमध्ये दुहेरी पडताळणी चालू करा, सहा आकडी पिन लावायला सांगेल. तो पिन आणि नोंदणीच्या वेळी येणारे सहा आकडे भाचीशिवाय कुणाला नाही. खरं तर भाचीलाही नाही.

पेज काढलंत की काही दिवसांत मेसेज येईल, "तुम्ही कॉपीराइट मोडलाय, चोवीस तासांत पेज बंद होईल, इथे दाबा." दाबू नका. "गुगलमधून बोलतोय, नकाशावर दुकान टिकवायला पैसे भरा" असाही फोन येईल. गुगलच्या नकाशावर दुकान टाकणं फुकट आहे.

इतकं करूनही गेलेच पैसे, तर रडत बसायचं नाही. लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला फोन. जितक्या लवकर कराल तितकी रक्कम पुढे सरकायच्या आत अडवता येण्याची शक्यता जास्त. तुमच्या त्या ओळखीच्या दुकानदाराने केला होता का?

---

वेणीपट्टा, कोल्हापूर

नाही केला. चारचौघांत हसं होईल म्हणून आठवडाभर घरच्यांनाही सांगितलं नव्हतं.

लँडलाइन आहे! मालकांनी घेतलेला, बिल भरते पण वाजत नाही फारसा. भाचीला हे माहीतच नव्हतं, तिला सांगितलं तर तीच चकित.

---

रीलमास्तर, पुणे

काकू, मी वयाने लहान आहे, पण वर नाशिककर काकांनी इन्स्टा बाजूला ठेवा म्हटलंय ते मला पटत नाही. व्हॉट्सॲपवर तुम्हाला आधीच ओळखणारेच येणार. अनोळखी माणूस तुम्हाला शोधणार कुठे?

तोंड दाखवूच नका. नुसते हात दाखवा. तुम्ही वेणी घालताय, अर्धा मिनिट, बस. सकाळी दाराजवळ बसा, उजेड बाजूने येऊ दे, वरची ट्यूबलाइट बंद. तिच्या उजेडात चामड्याचा रंग हिरवट दिसतो आणि मग गिऱ्हाईक म्हणतं फोटोत वेगळं होतं. मोबाईल डब्याला टेकवून ठेवा. गाणं लावू नका, हातोडीचा आवाज तसाच येऊ दे. करकर वाजणारा जोड करत असाल तर तो घालून फरशीवर चार पावलं, फक्त पाय. लोक वेडे होतील.

कॉमेंटचं म्हणाल तर प्रत्येक पोस्टवर कॉमेंट बंद ठेवता येतात. किंवा ठरावीक शब्द घालून ठेवा, ते शब्द असलेली कॉमेंट आपोआप लपते. मराठीतल्या शिव्यांची यादी भाचीकडून टाइप करून घ्या, तुम्हाला वाचायचीही गरज नाही.

आणि जातीवरून कुणी लिहिलं तर उत्तर द्यायचं नाही, पुसायचंही नाही लगेच. आधी नाव दिसेल असा स्क्रीनशॉट, मग ब्लॉक. तो गुन्हा आहे आणि त्यावर पोलिसांत जाता येतं. यात तुम्ही एकट्या नाही, इथलेच दहा जण सोबत येतील.

---

तांब्याचा बंब, नाशिक

मास्तर, तुमचं सगळं कबूल. पण वेडे झालेले लोक ऑर्डर देतात, त्याचं काय? वहिनी, दिवसाला जोड किती होतात तुमचे?

---

वेणीपट्टा, कोल्हापूर

माझ्या वेणीचे तीन झाले तर डोक्यावरनं पाणी. लग्नसराईत कारागीर रात्री बसतात तेव्हा थोडे जास्त. पावसात वाळतच नाही, तेव्हा फारच कमी.

---

तांब्याचा बंब, नाशिक

बघा. आमच्या गल्लीत एकाचा व्हिडिओ असाच उडाला. दोन दिवसांत फोन बंद करून बसायची पाळी. ज्यांचे पैसे घेतले होते त्यांना माल वेळेत गेला नाही, आणि मग त्यांनी जे लिहिलं ते तुमच्या त्या लोणच्याखालच्यापेक्षा वाईट होतं, कारण ते खरं होतं. म्हणून म्हणतो, आधी हातात तयार असेल तेवढाच माल टाका. एक जोड, एक फोटो, विकला की खाली "गेला" लिहा. ऑर्डर घ्यायचीच तर "तीन आठवडे लागतील" हे आधी सांगा आणि पाच आठवड्यांचं काम घेऊ नका.

---

रीलमास्तर, पुणे

हे मात्र मान्य. "गेला" लिहिणं भारी आहे, त्याने पुढचा जोड आणखी लवकर जातो.

---

धनगरवाड्याची लेक, सध्या न्यू जर्सी

काकू, मी गिऱ्हाईक म्हणून सांगते. गेल्या वर्षी नवऱ्यासाठी कोल्हापुरी मागवायची होती, मी चार-पाच पेजेस बघितली. चकचकीत फोटो सगळ्यांचे सारखेच, एकाचे दुसऱ्याने उचललेले. शेवटी घेतली ती एका म्हाताऱ्या आजोबांकडून. कारण मी विचारलं चामडं कशाचं, तर बाकीचे "प्युअर लेदर मॅम" करत राहिले आणि आजोबांनी बोलून मेसेज पाठवला: "तळ म्हशीचा, पट्टा बकऱ्याचा, पाण्यात घालायची नाही, चावली तर आतून खोबरेल लावा." संपलं. मला कुणाशी बोलतोय ते कळलं.

तुम्हाला माणूस दिसत नाही म्हणता, तसा आम्हालाही दुकानदार दिसत नाही. आम्हीही घाबरूनच पैसे टाकतो. तुम्ही लिहू नका, बोलून पाठवा. मराठी माणसाला तुमचं कोल्हापुरी ऐकून घरी गेल्यासारखं वाटेल, आणि अमराठी माणसासाठी भाचीने चार ओळी इंग्रजीत साठवून ठेवल्या की पुरे.

चामड्याचं उत्तर आधीच कॅटलॉगमध्ये लिहून टाका. ज्याला वर्ज्य आहे तो घेणार नाही, आणि भांडायला कारण उरणार नाही. (उरेलच म्हणा, पण कमी.)

---

निवृत्त रोखपाल

पूरक. राज्याबाहेर किंवा परदेशात माल पाठवायला लागण्याआधी जीएसटी आणि आयात-निर्यात क्रमांकाबद्दल तुमच्या कर सल्लागाराला एकदा विचारा. शेजारचा करतो म्हणून चालतं असं नाही.

---

वेणीपट्टा, कोल्हापूर

मंडळी, सगळ्यांचं वाचलं, भाचीकडून दोनदा वाचून घेतलं. काय केलं ते सांगते.

लँडलाइनवर व्हॉट्सॲप चालू झालं. फोन वाजला तेव्हा दोघी इतक्या दचकलो की पहिल्यांदा आकडे ऐकायचेच राहिले, परत लावायला लागला. दुहेरी पिन लावलाय, भाचीला सांगितलेला नाही, ती रुसलीय.

कॅटलॉगमध्ये फक्त तयार जोड टाकले. फोटो सकाळी उंबऱ्यात काढले. तळावर आमचा ठसा असतो, तर प्रत्येक जोडातली एक चप्पल उलटी ठेवून ठसा दिसेल असा फोटो घेतला. ओळीतल्या पोराला उचलायचा असेल तर आता ठशासकट उचलावा लागेल. त्याला हे सांगितलंही. तो हसला आणि म्हणाला, काकू, मग तुमचं नाव लिहूनच विकतो, पाच टक्के कमी द्या. विचार करतेय. त्याचं गिऱ्हाईक त्याने जमवलेलं आहे, आणि पार्सलाची कटकटही त्याचीच राहील.

चामड्याचं उत्तर बोलून ठेवलंय, त्या न्यू जर्सीच्या ताईंनी सांगितलं तसं. एकाने तरीही लिहिलं, "जीव घेऊन चपला करता." आधी हात थरथरला. दुकानात कुणी असं म्हणालं असतं तर मी काय केलं असतं? काही नाही, पुढच्या गिऱ्हाइकाला जोड दाखवला असता. तेच केलं. कॉमेंटचं इथं काम नाही, हा नुसता मेसेज होता, ब्लॉक करून टाकला.

इन्स्टाग्राम दिवाळीनंतर. हाताचा व्हिडिओ भाचीने काढून ठेवलाय, कॉमेंट बंद ठेवूनच टाकणार. नऊवारीचा विषय संपला असं मी जाहीर केलंय, ती मानत नाही.

आता खरी अडचण. नागपूरच्या एका गृहस्थांना जोड पाहिजे, पैसे टाकायला तयार आहेत. आमच्याकडे सात नंबर, आठ नंबर असतं, पण हाताच्या जोडाला नंबर म्हणजे अंदाज. मी म्हटलं पाय कागदावर ठेवून पेन्सिलने आखा आणि फोटो पाठवा. त्यांनी पाठवला. पण फोटोत पाय किती मोठा ते कसं कळणार? जवळनं काढला तर मोठा, लांबनं काढला तर छोटा. पट्टी ठेवा म्हटलं तर त्यांच्या घरात पट्टी नाही. दुकानात तर मी नुसतं बघून सांगते.

---

रीलमास्तर, पुणे

काकू, सोपं आहे. झेरॉक्सच्या कागदावर आखायला सांगा. तो ए-फोर, सगळीकडे सारखाच, २१ सेंटिमीटर रुंद आणि २९.७ लांब. कागदाचे चारही कोपरे फोटोत आले पाहिजेत आणि मोबाईल बरोबर वरून धरायचा, तिरका नाही. भाचीने तो फोटो कागदाएवढा करून छापला की नागपूरचा पाय तुमच्या काउंटरवर.

---

तांब्याचा बंब, नाशिक

आणि दोन्ही पाय आखायला सांगा. माझा डावा मोठा आहे.

---

वेणीपट्टा, कोल्हापूर

दोन्ही सांगतेच, निम्म्या लोकांचे पाय सारखे नसतात. वहीचा कागद चालणार नाही म्हणजे?

---

रीलमास्तर, पुणे

नाही. वह्या वेगवेगळ्या मापाच्या येतात. झेरॉक्सचाच. आणि आखताना पायावर उभं राहायचं, बसून नाही. बरोबर ना?

---

वेणीपट्टा, कोल्हापूर

उभंच. बसल्यावर पाय आखडतो. आणि संध्याकाळी आखायला सांगते, दिवसभर चालून पाय थोडा फुगतो, तेच माप खरं. नागपूरकरांना कळवते.